पाचव्या वेदाचे विद्यार्थी

भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय नाट्याच्या उत्पत्तीची कथा म्हणून वाचला जातो. तो प्रशिक्षणाची कथा म्हणूनही वाचायला हवा. इंद्राला पुढे करून देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल असे एक खेळणे मागतात. कारणही देतात: वेद ऐकण्याची मुभा शूद्रांना नाही, तेव्हा सर्व वर्णांसाठी एक पाचवा वेद निर्माण करावा. ब्रह्मदेव चारी वेदांतून एकेक अंग घेऊन नाट्यवेद रचतो आणि इंद्राला सांगतो, देवांमधले जे कुशल, चतुर, धीट आणि कष्टाला न थकणारे असतील त्यांच्याकडे हा सोपव. इंद्राचे उत्तर मोठे प्रामाणिक आहे. ग्रहण करणे, लक्षात ठेवणे, समजून घेणे आणि प्रत्यक्ष करून दाखवणे देवांना झेपणार नाही, असे तो हात जोडून कबूल करतो. मग हे काम भरतमुनीकडे आणि त्याच्या शंभर पुत्रांकडे येते. भरत त्यांना शिकवतो, ज्याला जे जमेल त्या कामावर त्याला नेमतो. कैशिकी वृत्ती, म्हणजे प्रयोगाची लालित्यपूर्ण शैली, केवळ पुरुषांकडून साधत नाही असे दिसल्यावर अप्सरांची योजना होते. पहिला प्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात होतो, तो एवढी सगळी तयारी झाल्यानंतर. या कथेत ज्याने कलेची आज्ञा केली त्यानेच शिकवण्याची सोय लावली, आणि शिकण्याची पात्रता दर्जावरून न ठरता शिकण्याच्या तयारीवरून ठरली. स्वर्गाचा राजा अपात्र ठरला आणि राबणारे पात्र ठरले.

हा आरसा आजच्या चित्रपट आणि दूरचित्रवाणी व्यवसायासमोर धरावा असे मला वाटते. मढ, गोरेगाव, मीरा रोडच्या स्टुडिओंत किंवा वाई-साताऱ्याकडच्या चित्रीकरणस्थळी जो माणूस दिवे उभे करतो, ट्रॉली ढकलतो, फोकस धरतो, कलाकाराच्या चेहऱ्यावर रंग लावतो, कंटिन्युटीची वही सांभाळतो, तो आपले काम शिकला कुठे? बहुतेक वेळा कोणाच्या तरी मागे उभे राहून. गावचा, नात्यातला, ओळखीचा कोणी आधीपासून या धंद्यात होता. त्याने आत घेतले. मग वर्षानुवर्षे बघत, ओरडा खात, हातात पडेल ते करत काम हाताला बसले. आणि काम बदलले की? टंगस्टनच्या दिव्यांची जागा एलईडीने घेतली, फिल्मची जागा मेमरी कार्डाने घेतली, डबिंगच्या भरवशावर चालणाऱ्या गोंगाटाच्या सेटवर अचानक थेट ध्वनिमुद्रण आले, तेव्हा चाळिशीतल्या लाइटदादाने किंवा संकलन सहायकाने कोणाकडे जायचे? प्रशिक्षण शोधण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न प्रशासनाचा, निधीचा, अभ्यासक्रमाचा आहेच. पण त्याच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे. शिकणे ही ज्याने त्याने आपल्या पैशाने विकत घ्यायची वस्तू आहे, कोणा उदार माणसाने द्यायचे दान आहे, की फेडायचे ऋण आहे? माझे उत्तर तिसरे आहे, आणि ते ऋण सर्वांत जास्त त्यांच्या माथ्यावर आहे ज्यांना या कामातून सर्वांत जास्त मिळते.

ऋणाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे आणि तिच्यात एक महत्त्वाचा फरक दडला आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मणात हाच विचार येतो तेव्हा दोन बदल होतात. ऋणको आता फक्त ब्राह्मण राहत नाही. जो कोणी आहे तो जन्मतः ऋणी आहे. आणि तिनाला चौथे ऋण जोडले जाते, माणसांचे. ऋषिऋण फिटते अध्ययनाने, आणि जे आले ते पुढे देण्याने. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत शिक्षण पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात स्वाध्याय आणि प्रवचन, म्हणजे स्वतः शिकत राहणे आणि दुसऱ्याला शिकवणे, यांत कसूर करू नकोस असे निक्षून सांगितले आहे. हा उपदेश शिक्षण संपल्यावरचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आज ज्याला आपण निरंतर शिक्षण म्हणतो त्याची अपेक्षा तिथे गृहस्थाश्रमात पाऊल टाकणाऱ्या माणसाकडून केली आहे. दानात देणाऱ्याची मर्जी असते. ऋणात ती नसते. दान ज्याला दिले त्याच्यापाशी संपते. ऋषिऋण मात्र ज्यांच्याकडून घेतले त्यांना परत करता येत नाही, कारण ते बहुधा हयात नसतात. ते पुढच्यालाच द्यावे लागते. आणि दान न देणारा फार तर कृपण ठरतो, ऋण बुडवणारा दोषी ठरतो.

चित्रपटाच्या धंद्याला ही कल्पना लागू पडते का? त्याचा इतिहासच तसे सांगतो. धुंडिराज गोविंद फाळके 1912 च्या फेब्रुवारीत लंडनला गेले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्याआधी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते, छायाचित्रण केले होते, छपाईचा धंदा केला होता. एवढ्या शिदोरीवर हा माणूस एक संपूर्ण नवे तंत्र शिकायला निघाला. लंडनमध्ये बायोस्कोप साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना मदत केली, आणि सेसिल हेपवर्थ या निर्मात्याने आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखवला. हेपवर्थला त्यात काही मिळायचे नव्हते. फाळके कॅमेरा घेऊन परतले, वाटाण्याचे रोप उगवतानाचे चित्रण करून त्यांनी हात बसवला, विम्याच्या पॉलिसी आणि पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे ही कामे शिकून घेतली, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित केला आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये त्यांची गणना व्हायला हवी. त्यांचे शिक्षण घरातच झाले आणि त्याचे प्रमाणपत्र त्यांना कोणी दिले नाही.

कोल्हापूरची कथा आणखी बोलकी आहे. बाबूराव मिस्त्री, ज्यांना आपण बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, हे कारागिरांच्या घरातले. पडदे रंगवता रंगवता त्यांनी आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव यांनी चित्रपटाचा ध्यास घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले. पण बाबूरावांनी काम सोडले नाही आणि विष्णुपंत दामले यांच्या साथीने स्वदेशी कॅमेरा उभा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम अशी माणसे पडेल ते काम करत शिकली. 1929 मध्ये त्यांनीच कोल्हापुरात प्रभात काढली, 1933 मध्ये ती पुण्याला नेली, आणि 1936 च्या ‘संत तुकाराम’ने पुढच्या वर्षी व्हेनिसमध्ये मान मिळवला. हे ज्ञान पाठशाळेतून आले नव्हते. मिस्त्रीच्या हातातून, पडद्यांवरच्या रंगांतून, लेथ यंत्रावरून ते आले आणि एका हातातून दुसऱ्या हातात गेले. मुंबईत मालाडला 1934 मध्ये उभ्या राहिलेल्या बॉम्बे टॉकीजने हेच जाणीवपूर्वक केले. हिमांशू राय यांनी फ्रान्झ ऑस्टेन, योझेफ वीर्शिंग अशा जर्मन तंत्रज्ञांना आणले आणि त्यांच्या हाताखाली सुशिक्षित भारतीय तरुण ठेवले; अशोककुमार तिथे प्रयोगशाळेतले सहायक म्हणून आले होते. 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारने या जर्मनांना स्थानबद्ध केले. स्टुडिओ त्या दिवशी बंद पडू शकला असता. तो चालू राहिला, आणि 1943 मध्ये ‘किस्मत’सारखा चित्रपट त्याने दिला, कारण पाच वर्षांत सहायकांना खरोखर शिकवलेले होते. शिकवण्यावर केलेला खर्च कशासाठी, असे विचारणाऱ्याला याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

स्टुडिओंच्या काळात हे ऋण नकळत फिटत असे, कारण माणूस पगारावर होता. पगारात शिकण्याचा वेळही धरलेला असे; आज चुकलेला मुलगा उद्या पुन्हा त्याच दारातून आत येत असे. चाळीस-पन्नासच्या दशकांत स्टुडिओ मोडले, निर्माता सुटा झाला, कामगार शिफ्टवर आला, आणि शिकवण्याचा खर्च कोणाच्याच हिशेबात राहिला नाही. ही पोकळी सरकारला दिसली होती. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने 1951 मध्ये प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली, आणि 1960 मध्ये पुण्यात प्रभातच्याच आवारात ती संस्था उभी राहिली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिला दूरचित्रवाणी विभाग जोडला गेला. या विभागाचे एक मोठे काम होते दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण. नोकरी चालू, पगार चालू, आणि माणूस पुण्यात शिकतो आहे. म्हणजे कामगाराला कामाच्या वेळात, कामाच्या पैशात शिकवायला हवे ही कल्पना या देशाला परकी नव्हती. आपण ती राबवली होती. नव्वदच्या दशकात खासगी वाहिन्या आल्या, पुढे मराठीतही आल्या, मालिका रोजच्या झाल्या, माणसे कितीतरी पटींनी वाढली. पण ती सारी कंत्राटी होती. दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यासाठी जे गृहीत होते, ते मालिकेच्या कामगारासाठी कोणी मनातही आणले नाही. 1981 साली संसदेने सिनेकामगारांसाठी कायदे केले, चित्रपटांमागे उपकर लावून कल्याण निधी उभा केला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या निधीचा भर औषधोपचार, घर आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या यांवर राहिला. कामगाराच्या मुलाने शिकावे हे मान्य झाले. कामगाराने स्वतः शिकत राहावे याचा विचार मागे पडला.

कोणी म्हणेल, आता तर सोयी पुष्कळ आहेत. पुण्याच्या संस्थेने 2017 पासून देशभर गावोगावी छोटे अभ्यासक्रम नेले, खासगी संस्था निघाल्या, मोबाइलवर जगातल्या उत्तम छायाचित्रकारांची व्याख्याने फुकट पाहता येतात. आता शोधणाऱ्याला काय कमी आहे? छोटे अभ्यासक्रम गावोगावी नेण्याचे काम मोलाचे आहे यात शंका नाही. पण शिफ्टवर जगणाऱ्या माणसासाठी फुकट अभ्यासक्रम फुकट नसतो. तो पाच दिवस वर्गात बसला तर पाच दिवसांची मजुरी गेली. त्यातून मालिकांमध्ये झालेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हातात पडण्याची रीत. आज काम सोडले तर तीन महिन्यांनी घरखर्चात खड्डा पडतो. आणि सगळ्यांत मोठी भीती वेगळीच असते: पाच दिवस दुसरा कोणी आपल्या जागी उभा राहिला आणि तोच कायम झाला तर? बारा तासांची शिफ्ट, त्यावर लोकलचा प्रवास, असा दिवस संपवून आलेल्या माणसाच्या हातात मोबाइल देऊन शिक म्हणणे हे शिक्षण उपलब्ध करून देणे नव्हे. उपलब्ध असणे आणि आवाक्यात असणे यांत जे अंतर आहे ते वेळेचे आणि मजुरीचे आहे, आणि ते कामगार एकटा ओलांडू शकत नाही.

हे अंतर न भरण्याची किंमत काय असते, तेही पाहू. 8 फेब्रुवारी 1989 रोजी म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटला आग लागली आणि 62 माणसे दगावली. सैल वायरिंग, हवा खेळायला वाट नाही, आग विझवण्याची साधने नाहीत, असे त्या दुर्घटनेचे वर्णन झाले. 2020 च्या फेब्रुवारीत चेन्नईजवळ एका मोठ्या तमिळ चित्रपटाच्या सेटवर क्रेन कोसळून तिघांचा जीव गेला. अशा घटनांत दोष एकट्या कामगाराच्या अज्ञानाचा नसतो. बहुधा घाई, काटकसर आणि देखरेखीचा अभाव असतो. पण किती भार कुठल्या केबलवर घालायचा, क्रेनखाली कोणी कधी उभे राहायचे नाही, ही माहिती सेटवर प्रत्येकाला असणे आणि ती सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला असणे, यानेच अशी घाई अडवता येते. म्हणून इथले शिकणे खासगी बाब राहत नाही. माझ्या न शिकण्याने माझे नुकसान झाले असते तर ते माझ्यापुरते होते. इथे दिवा लावणाऱ्याच्या न शिकण्याने खाली उभ्या असलेल्या दुसऱ्याचा जीव जातो. शतपथ ब्राह्मणाने जे चौथे ऋण सांगितले, माणसांचे, ते इथे अगदी उघड दिसते.

या सगळ्यावर सर्वांत जुना आक्षेप असा की कला शिकवता येत नाही. ज्याच्यात आहे तो कसाही शिकतो, ज्याच्यात नाही त्याला वर्गात बसवून काय होणार? आणि मग एकलव्याचे नाव घेतले जाते. आक्षेपाचा पहिला भाग आपल्याच काव्यशास्त्राने निकाली काढला आहे. मम्मटाने काव्यप्रकाशात काव्याचे कारण सांगताना प्रतिभा मानली, पण एकटी मानली नाही. जग आणि शास्त्रे पाहून आलेली निपुणता, आणि जाणत्यांच्या शिकवणुकीखाली केलेला अभ्यास, ही तिन्ही मिळून एकच कारण, असे तो म्हणतो. प्रतिभेचा एवढा गौरव करणाऱ्या परंपरेतही शिक्षकाची जागा रिकामी ठेवलेली नाही. जे कवीला लागू आहे ते कॅमेरा सहायकाला लागू नसावे, असे म्हणायला काहीच आधार नाही. आक्षेपाच्या दुसऱ्या भागाबद्दल मला अधिक कळकळीने बोलायचे आहे. एकलव्य हा स्वयंशिक्षणाचा आदर्श म्हणून सांगणे मला फार क्रूर वाटते. ज्याने शिकवले नाही त्याने दक्षिणा घेतली, आणि दक्षिणा कोणती, तर ज्यामुळे ती विद्या हातात राहिली असती तो अंगठाच. या धंद्यात अनेक वर्षे बिनपगारी किंवा नाममात्र पैशात राबवून घेतलेला सहायक, ज्याला कधी कोणी समोर बसवून काही समजावले नाही आणि तरी ज्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा झाली, तो त्याच कथेत उभा आहे. एकलव्याची जिद्द वंदनीय आहे. तिच्यावर व्यवस्था उभारणे मात्र अधर्म आहे.

दुसरा आक्षेप या लेखाच्या पायावरच येतो, आणि तो गंभीर आहे. ऋण, ऋषी, आचार्य ही सगळी भाषा ज्या परंपरेतून आली तिने बहुसंख्यांना शिकण्याचा अधिकारच नाकारला. मग तीच भाषा कामगारांच्या शिक्षणासाठी कशी वापरता येईल? हा आरोप खरा आहे आणि तो झाकून पुढे जाता येणार नाही. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही असेच ठरवले. पण परंपरा एकजिनसी नसते. जिने अधिकार नाकारला तिच्यातच पाचवा वेद सर्व वर्णांसाठी मागितला गेला. आणि तिच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांनीही शिकवण्याला कर्तव्यच मानले. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध आनंदाला सांगतात की तथागताने काही राखून ठेवण्यासाठी आचार्याची मूठ कधी झाकलेली नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी आणि कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्या प्रौढाला शिकण्याची वेळ कोणती, याचा विचार आपल्याकडे इतक्या आधी झाला होता. तेव्हा ऋणाची कल्पना टाकून न देता तिच्या कक्षेतून कोणाला वगळले होते ते पाहावे आणि त्यांना आत घ्यावे, हा मार्ग मला योग्य वाटतो. शतपथ ब्राह्मणाने ते पाऊल शब्दांत टाकले होते. फुल्यांनी ते प्रत्यक्ष टाकले.

अधिकाराचा प्रश्न जुन्या ग्रंथांत राहून गेलेला नाही, हे चित्रपटाच्या धंद्याइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसेल. मुंबईत अनेक दशके रंगभूषाकारांच्या संघटनेत स्त्रीला रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व मिळत नसे. केशभूषा तेवढी तिची. एका स्त्रीने परदेशात जाऊन रंगभूषेचे रीतसर शिक्षण घेतले, परत येऊन संघटनेचे कार्ड मागितले, ते नाकारले गेले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अटही टिकली नाही. या निकालातून प्रशिक्षणाविषयी एक गोष्ट शिकावी लागते: नुसते शिकवून भागत नाही. शिकून आलेल्याला काम करण्याचा दरवाजा बंद असेल तर शिक्षण वाया जाते, आणि पुढच्या मुली शिकायलाच येत नाहीत. ज्या कलेच्या मूळ कथेत अप्सरांशिवाय प्रयोग पुरा होईना, त्या कलेच्या कामगार संघटनांना एकविसाव्या शतकात हे न्यायालयाने सांगावे लागले, याचे मला दुःख वाटते. संघटनांनी कामगारांची मजुरी आणि इज्जत राखण्यासाठी केलेले काम मी कमी लेखत नाही. पण कार्ड हे संरक्षण असावे. ओळखीच्या माणसांपुरते कुंपण होऊ नये. शिकलेल्याला, मग तो कोणत्याही गावाचा, जातीचा, लिंगाचा असो, कार्ड मिळण्याची उघड रीत असली तरच शिकवणे सार्थ होईल.

आता निर्मात्याचा आक्षेप. मी माझ्या खर्चाने माणसाला तयार करायचे आणि पुढच्या महिन्यात त्याने दुसऱ्याच्या सेटवर जायचे, तर मी खर्च का करू? व्यवहाराच्या दृष्टीने हा बिनतोड प्रश्न आहे, आणि एकट्या निर्मात्याला तो विचारण्याचा हक्कही आहे. पण याच प्रश्नातून ऋणाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. त्या निर्मात्याच्या सेटवर आज जी शंभर माणसे काम करतात त्यांना तरी त्याने कुठे शिकवले होते? ती दुसऱ्या कोणाच्या सेटवर, दुसऱ्या कोणाच्या खर्चाने, बहुधा स्वतःच्याच कष्टाने तयार होऊन आली. त्याने घेतले आहे. देणे सुरू करायचे आहे. आणि सर्वांनी घेतले असेल तर सर्वांनी मिळून द्यावे, हाच त्या आक्षेपावरचा उपाय. ब्रिटनमध्ये स्क्रीनस्किल्स ही संस्था चित्रपटांच्या निर्मितीखर्चातून अर्धा टक्का इतका हिस्सा कौशल्य निधीसाठी घेते. फ्रान्समध्ये 1971 च्या कायद्याने नोकरीतल्या माणसाचे शिक्षण ही मालकाच्या वर्गणीची बाब केली, आणि 1972 पासून अफदास ही संस्था कलाक्षेत्रातल्या मालकांच्या वर्गणीतून, प्रकल्पागणिक मालक बदलणाऱ्या चित्रपट-कामगारांच्याही प्रशिक्षणाचा खर्च उचलते. आपल्याकडे 1981 चा उपकराचा दाखला घरचाच आहे. तेव्हा चित्रपटगृहांसाठी निघणारे चित्रपट हाच मोठा उद्योग होता. आज वाहिन्या आणि ओटीटी मंच यांच्याशिवाय असा निधी अपुरा राहील. त्यातून शिकणाऱ्याची बुडालेली मजुरी भरून दिली, शेड्यूल सुरू होण्याआधीचा एक पगारी दिवस सुरक्षेच्या आणि नव्या यंत्राच्या शिक्षणाला दिला, तर निर्मात्याच्या खर्चात पडणारी भर त्याच्या एका वाया गेलेल्या चित्रीकरणाच्या दिवसापेक्षा जास्त ठरू नये. शिक्षणात गेलेला वेळ फुकट गेला असे ज्यांना वाटते त्यांनी ‘लगान’ आठवावा. भुजला एका सलग शेड्यूलमध्ये थेट ध्वनिमुद्रण करायचे तर शेकडो माणसांच्या सेटला शांतता शिकवावी लागली. ती शिस्त त्या चित्रपटावर काम केलेल्यांनी पुढे दुसऱ्या सेटवर नेली, आणि त्याचा लाभ ज्यांनी एक पैसाही खर्च केला नव्हता त्यांनाही झाला.

शेवटचा आक्षेप उस्तादांचा आहे, आणि तो सहसा मोठ्याने बोलला जात नाही. शिकवले तर आपले काम जाईल. आयुष्यभर एकेक युक्ती गोळा केली, ती पोराला सांगितली तर तो निम्म्या पैशात उभा राहील. खंडेनवमीला कॅमेऱ्याची आणि दिव्यांची मनोभावे पूजा करणारा माणूस आपले ज्ञान असे झाकून ठेवतो तेव्हा त्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्याला म्हातारपणाची पेन्शन नाही, त्याच्यासाठी ती झाकलेली मूठ हीच पुंजी असते. त्यागाचा उपदेश केल्याने ती उघडणार नाही. शिकवणे हे मजुरी मिळणारे काम झाले तर उघडेल. उस्तादाला शिक्षकाचे मानधन, शिक्षकाचे नाव आणि वय झाल्यावरही चालू राहणारे उत्पन्न मिळायला हवे. हे किती निकडीचे आहे ते फिल्मच्या बाबतीत आधीच कळून चुकले आहे. 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच्या आगेमागे आपल्याकडच्या फिल्म प्रक्रियेच्या प्रयोगशाळा एकामागून एक बंद होत गेल्या, आणि रसायनाच्या तापमानावरून, फिल्मच्या रंगावरून दोष ओळखणारी माणसे मिळेल त्या कामाला लागली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 2015 मध्ये, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने मुंबईत चित्रपट जतनाची कार्यशाळा सुरू केली, तेव्हा जुन्या फिल्मची निगा शिकवायला परदेशांतून तज्ज्ञ बोलवावे लागले. तो उपक्रम स्तुत्यच आहे. तिथे शिकलेली तरुण मंडळी आज हे काम करत आहेत. पण मुंबई-चेन्नईच्या प्रयोगशाळांत ज्यांनी आयुष्य घालवले ते कारागीर आता म्हातारे होत आहेत, त्यांच्या हातात जे आहे ते फारसे कुठे लिहून ठेवलेले नाही, आणि त्यांना मानधन देऊन वर्गात आणायचे असेल तर ते याच दहा वर्षांत करावे लागेल.